खेळाची बदनामी होण्याआधी

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांचं रूप गेल्या दहा वर्षांत बदललं आहे. पहिली-दुसरीच्या वर्गात फरशीवर संख्यारेषा रंगवलेली असते. कोपऱ्यात मणीमाळा, काड्यांचे गठ्ठे, अक्षरकार्डं असतात. भिंतीवर टीव्ही किंवा प्रोजेक्टर असतो, तोही बऱ्याच गावांत लोकवर्गणीतून घेतलेला. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि या बदलाला वेग आला. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापले जाऊ लागले. २०१७ मध्ये 'दीक्षा' हे डिजिटल शिक्षणाचं व्यासपीठ आलं, २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान, २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि पुढच्याच वर्षी खेळणी, कोडी, बाहुल्यांनी भरलेला 'जादुई पिटारा'. हसत-खेळत शिकावं, हातांनी करून शिकावं, तंत्रज्ञानाची मदत घ्यावी, याला आज धोरणाच्या पातळीवर उघडपणे कुणाचाच विरोध नाही.

काळजी वाटावी अशी गोष्ट हीच आहे. सगळेच हो म्हणतात, म्हणून पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही: या खेळात, या पडद्यासमोर, मुलाचं डोकं नेमकं काय करत असतं? हा प्रश्न आपण असाच टाळत राहिलो, तर खेळाच्या नावावर पुष्कळ काही होईल आणि शिकणं मात्र होणार नाही. मग न शिकल्याचा ठपका खेळावर येईल.

दुसरीच्या वर्गातली बेचाळीस वजा सतरा ही वजाबाकी घेऊ. मुलापुढे दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आहेत आणि दोन सुट्या काड्या. त्यातून सतरा काढायच्या आहेत. एक गठ्ठा बाजूला होतो, पण उरलेल्या सात काड्या कुठून काढायच्या? सुट्या तर दोनच आहेत. मूल थांबतं. गठ्ठ्यांकडे बघतं, शेजारच्याकडे बघतं. गठ्ठा सोडायचा धीर त्याला लगेच होत नाही, कारण त्याच्या लेखी तो अख्खा गठ्ठा ही एक वस्तू आहे आणि बाईंनी तो बांधून ठेवायला सांगितलेलं आहे. शेवटी ते रबर काढतं, दहा काड्या सुट्या होतात, आणि एक दशक म्हणजे दहा एकक ही गोष्ट त्याच्या हातून घडते. पुढे वहीत ते 'हातचा' घेईल तेव्हा त्यामागे हे रबर काढणं असेल.

आता हीच वजाबाकी टॅबवर बघा. गठ्ठ्याला बोट लागलं की आवाज होऊन तो आपोआप सुटतो, काड्या रांगेत उभ्या राहतात, खाली चार उत्तरं येतात. पहिलं चुकलं की लाल खूण, मग दुसरं, मग तिसरं. चौथ्या टिचकीला तरी टाळ्या वाजतातच. अॅपच्या नोंदीत मुलाने उदाहरण सोडवलेलं असतं. त्याने थांबून विचार करायचा तो क्षण मात्र अॅपने स्वतःकडे घेतलेला असतो. दोष केवळ काचेच्या पडद्याचा आहे असंही नाही. खऱ्या काड्या असूनही शिक्षकाने समोर उभं राहून गठ्ठा सोडून दाखवला आणि चाळीस मुलांनी तो पाहिला, तर तेच नुकसान होतं. साधन लाकडाचं आहे की विजेवरचं, यापेक्षा गठ्ठा कोणी सोडला हे महत्त्वाचं.

महाराष्ट्राला हे नव्याने शिकायची गरज पडू नये. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला त्याला १९२६ पासून शंभर वर्षं होत आली. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, पुढे अनुताई वाघ यांच्यासह १९५७ मध्ये कोसबादच्या टेकडीवर गेल्या. शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. माँटेसोरी पद्धतीचं परदेशी साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून बिया, शंखशिंपले, पानं, दगड वापरले. या कामाची आठवण आपण नेहमी स्वस्त साहित्याची गोष्ट म्हणून काढतो, आणि त्यातला मोठा भाग विसरतो. माँटेसोरींच्या पद्धतीत साहित्याची रचनाच अशी असते की चूक मुलाला स्वतःला दिसावी. खाचांत बसवायचा दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक दट्ट्या उरतोच. बाईंना 'चुकलं' म्हणावं लागत नाही. बाईंचं काम त्याहून अवघड असतं: गप्प राहून पाहणं, कुठलं मूल कुठे अडलं ते टिपणं, आणि उद्या त्याच्यापुढे काय ठेवायचं ते ठरवणं. हे निरीक्षण काढून घेतलं तर शंखशिंपले नुसते शंखशिंपले उरतात.

खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्ता यांच्या काड्यापेटीच्या काड्यांचंही तसंच. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्या जोडून केलेला त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन मात्र लगेच कलंडतो. १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात असताना त्यांनी हा खेळ उभा केला. चौकोन कलंडताना पाहून एखादं मूल त्यात तिरकी काडी घालून बघतं आणि गावातल्या विजेच्या मनोऱ्यात सगळीकडे त्रिकोण का असतात ते त्याला उमगतं. ही तिरकी काडी घालायची बुद्धी मुलाला व्हावी म्हणून वर्गात वेळ ठेवावा लागतो. तासाला चाळीस मिनिटं आणि अभ्यासक्रम 'पूर्ण' करायचा असेल तर शिक्षक तिसऱ्या मिनिटाला स्वतःच सांगून मोकळे होतात.

दहा वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांची मोठी चर्चा झाली. राज्यभरातून शिक्षक त्या शाळा पाहायला गेले. तिथे शिक्षकांनी आपसात पुष्कळ चर्चा केली होती, मुलांना गटात बसवलं होतं, प्रत्येक मूल कुठवर आलं याचा माग ठेवला होता. पाहायला आलेल्यांना मात्र परत नेता येण्यासारखी एक गोष्ट पटकन दिसली, ती म्हणजे रंगवलेली फरशी. महिन्याभरात गावोगावच्या फरशा रंगल्या. अनेक शाळांत शिक्षकांनी त्यामागचा विचारही समजून घेतला, आणि तिथली मुलं आज खरोखर पुढे आहेत, हे मनापासून सांगायला हवं. पण जिथे फक्त फरशी गेली तिथे मुलं फरशीवरच्या रंगीत चक्राभोवती गोल बसून पूर्वीसारखंच एका सुरात बाराखडी म्हणतात. आता फरशीवरचा रंगही उडाला आहे, आणि नव्या बदलीवर आलेल्या शिक्षकांना ती चक्रं कशासाठी होती हे ठाऊक नाही.

खेळ नुसता असून चालत नाही, तो कसा खेळला जातो यावर सगळं अवलंबून असतं, याचे पुरावे आता चांगले भक्कम आहेत. अमेरिकेत रॉबर्ट सिगलर आणि गीता रामानी यांनी गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एका ओळीत एक ते दहा आकडे लिहिलेल्या पटावर खेळायला दिलं. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव. तेवढ्यानेच त्या मुलांची संख्यांची समज स्पष्टपणे वाढली. दुसऱ्या गटाला तसाच पट दिला, फक्त घरांत आकड्यांऐवजी रंग होते. त्यांच्यात फरक पडला नाही. हा अभ्यास २००८ मधला. पुढे २०१४ मध्ये सिगलर आणि एलिडा लास्की यांनी आणखी बारीक गोष्ट पाहिली. शंभर घरांच्या पटावर चोविसाव्या घरात असताना तीनचं दान पडलं, तर मुलाने 'एक, दोन, तीन' असं मोजत जायचं की 'पंचवीस, सव्वीस, सत्तावीस' असं म्हणत जायचं? दुसऱ्या पद्धतीने खेळलेल्या मुलांना खूप फायदा झाला, पहिल्या पद्धतीच्या मुलांना फारसा नाही. पट तोच, दान तेच, मजाही तेवढीच. सापशिडी आपल्या घराघरात आहे, पण चोवीसवरून पुढे मोजायला लावणारं कुणीतरी शेजारी बसावं लागतं.

दिल्लीतला अभ्यास आपल्याला अधिक जवळचा आणि अधिक अस्वस्थ करणारा आहे. 'प्रथम' संस्थेच्या बालवाड्यांतल्या १,५४० मुलांबरोबर संशोधकांनी चार महिने संख्या आणि आकार यांचे खेळ घेतले. ठिपक्यांचे दोन समूह पाहून जास्त कुठे ते ओळखणं, वेगळा आकार शोधणं, असे. २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. खेळांतून वाढलेली ही समज वर्षभरानंतरही टिकली होती. पण तीच मुलं पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात मात्र इतरांपेक्षा पुढे नव्हती. खेळातली समज खरी होती, तरी ती आपोआप वहीतल्या चिन्हांपर्यंत पोचली नाही. ठिपक्यांपासून आकड्यापर्यंत, काड्यांपासून हातच्यापर्यंत मुलाला कुणीतरी बोलत-विचारत न्यावं लागतं. 'खेळू द्या, शिकतीलच' असं म्हणणाऱ्या आपल्यासारख्या खेळाच्या पाठीराख्यांनी हा निष्कर्ष टाळून जाऊ नये.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत तर आपल्या शेजारच्या गुजरातेतच धडा आहे. ज्ञानशाला ही संस्था गरीब मुलांसाठी नीट आखलेले, स्वस्त वर्ग चालवते. ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या दुसरी-तिसरीच्या मुलांवर गणिताच्या संगणकीय खेळांचा परिणाम तपासला. काही ठिकाणी हे खेळ शाळेच्या वेळात, शिक्षिकेच्या तासाच्या जागी ठेवले. काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून ठेवले. २००८ मध्ये त्याने जे मांडलं ते प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने वाचावं असं आहे. शाळेच्या वेळात संगणक आला तिथली मुलं प्रमाण विचलनाच्या ०.५७ इतकी मागे पडली. अशा प्रयोगांत एवढी घसरण क्वचितच दिसते. जादा तासाला संगणक मिळाला तिथली मुलं ०.२८ ने पुढे गेली. कार्यक्रम एकच होता. एका ठिकाणी त्याने चांगल्या शिकवण्याची जागा घेतली, दुसऱ्या ठिकाणी त्यात भर घातली.

वडोदऱ्यातल्या महापालिका शाळांचं उदाहरण अनेकदा संगणकाच्या बाजूने दिलं जातं, आणि ते खरंही आहे. चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, दोघांत एक संगणक, गणिताचे खेळ, अवघडपणा मुलाच्या गतीने वाढणारा. दुसऱ्या वर्षी गणितात ०.४७ इतकी वाढ झाली. पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने ती वाढ सुमारे ०.१ वर आली होती. एकदा यंत्र आणून दिलं की काम झालं, असं नसतं. पेरूमध्ये ग्रामीण शाळांत मुलामुलाला लॅपटॉप दिले गेले. ३१९ शाळांच्या २०१२ मधल्या मूल्यमापनात भाषा आणि गणिताच्या गुणांवर त्याचा परिणाम आढळला नाही. शाळांत संगणकावर भरपूर खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित, विज्ञानात ठळक सुधारणा दिसत नाही, हे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०१५ मध्ये सांगितलं होतं.

आपल्याकडे या इशाऱ्यांचं गांभीर्य जास्त आहे, कारण आपल्या शाळांत शिक्षक कमी आहेत. पहिली ते चौथी चार वर्ग आणि दोन शिक्षक, ही खेड्यातली नेहमीची शाळा. त्यातले एक तालुक्याला बैठकीला गेले की दुसऱ्याने चारही वर्ग बघायचे. अशा वेळी टीव्ही लावला जातो. मुलं शांत बसतात, कवितेचं गाणं लागतं, नाचणारा हत्ती दिसतो. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी कुणीही हेच करेल. पण नाव त्याला डिजिटल शिक्षणाचं मिळतं, आणि वर्ग सांभाळण्याची अडचण अहवालात यश म्हणून नोंदवली जाते. उद्या कुणी हिशोब करून म्हणेल की टीव्ही असताना दोन शिक्षक पुरतात. ज्ञानशालेतल्या मुलांचं जे झालं ते मग अख्ख्या तालुक्याचं होईल. ज्या मुलाच्या घरी शिकवणारं कुणी नाही, ज्याला खासगी शिकवणी परवडत नाही, त्याच्या वाट्याचा माणूस काढून त्याला पडदा दिला, हा अन्याय होईल.

दुसरी अडचण फोटोची. उपक्रम झाला की फोटो पाठवायचा, लिंक भरायची, व्हिडिओ चढवायचा. शिक्षकाचा मोबाइल सकाळपासून गटांवरच्या सूचनांनी वाजत असतो: पोषण आहाराची नोंद, विद्यार्थ्यांची माहिती, दिनविशेष, आणि या सगळ्याचे पुरावे. खेळ फोटोत चांगला दिसतो. गठ्ठ्याकडे बघत तीन मिनिटं थांबलेलं मूल फोटोत चांगलं दिसत नाही. ते गोंधळलेलं दिसतं. वर्षभर फोटोंची मागणी होत राहिली की फोटोत बसतील असेच खेळ वर्गात टिकतात. हे कुणी मुद्दाम करत नाही, तरी होतं, आणि त्यातून मूल पुन्हा प्रेक्षकाच्या किंवा नटाच्या जागी जातं.

शिवाय पडद्यावर येणारा मजकूर पुष्कळदा आपल्या मुलांच्या अडचणी ओळखत नाही. मराठी मूल 'त्रेसष्ट' ऐकतं तेव्हा तीन आधी ऐकतं आणि साठ नंतर, म्हणून ते ३६ लिहितं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची सोय दिली ती याच अडचणीवर, आणि त्यावर केवढा गदारोळ झाला. इंग्रजीत बनवून मराठी आवाज चढवलेल्या अॅपला ही अडचण ठाऊकच नसते. ते ३६ ला लाल खूण करतं आणि पुढे जातं. शिक्षिका मात्र समजू शकते की हे मूल चुकलेलं नाही, त्याने ऐकलं तसं लिहिलं आहे.

याच शाळांत तंत्रज्ञानाचे अतिशय चांगले उपयोग होऊ शकतात, काही शिक्षक ते करतातही, आणि बहुधा त्यांना महाग साहित्य लागत नाही. शिक्षकाच्या फोनवर मुलाने स्वतःचं वाचन ध्वनिमुद्रित करायचं आणि ऐकायचं. कुठे अडखळलो ते त्याला स्वतःला ऐकू येतं, ते पुन्हा वाचतं. मटकीला मोड येताना रोज ठरलेल्या वेळी फोटो घ्यायचा, आणि शेवटी ते फोटो ओळीने लावून कोंब आधी खाली का जातो यावर भांडायचं. मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं, धडगावचं मूल पावरी बोलतं, आणि शिक्षकाला कित्येकदा दोन्ही येत नाहीत. तिथे मुलांनी आपले शब्द बोलून फोनमध्ये साठवले, चित्रं काढून त्यांना जोडले, तर तो शब्दसंग्रह मुलांचा होतो आणि शिक्षक त्यांच्याकडून शिकतात. या सगळ्यात यंत्र काही सांगत नाही. बोलणारं, पाहणारं, चुकणारं मूलच असतं.

हे सगळं आत्ताच का बोलायचं? 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. कोरोनानंतर २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर घसरली आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांपर्यंत परत आली. मधल्या घसरणीचं कारण शाळा बंद असणं हे उघड आहे, आणि त्यातून सावरणं हेही शिक्षकांचं मोठं काम आहे. पण तिसरीतली दहापैकी सात मुलं अजून दुसरीचा मजकूर वाचू शकत नाहीत. असे आकडे किती दिवस लोक सहन करतील? राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली आहे, २०२३-२४ या वर्षापासून. नापास होण्याची तरतूद परत आली. पालकांच्या बैठकीत 'ते खेळबिळ पुरे, पाढे पाठ करून घ्या' हा सूर वाढतो आहे. पाढे यायलाच हवेत, यात दुमत नाही. पण देखाव्याच्या खेळाने मुलं शिकली नाहीत, तर लोक देखावा नव्हे, खेळच टाकून देतील. होशंगाबादचा कार्यक्रम तीस वर्षं चालला, शेकडो सरकारी शाळांत गेला, आणि २००२ मध्ये सरकारी आदेशाने बंद झाला. चांगलं काम मोडायला एक आदेश पुरतो, आणि पुन्हा उभं करायला एक पिढी जाते.

म्हणून आत्ताच काही गोष्टी बदलायला हव्यात. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी शाळेत आले की त्यांनी टीव्ही किती, टॅब किती, फरशी रंगवली का, हे मोजणं थांबवावं. दुसरीतल्या एका मुलाजवळ अर्धा तास बसावं, त्याला एक वजाबाकी काड्यांनी करायला सांगावी, एक परिच्छेद वाचायला सांगावा, आणि ते कुठे थांबतं ते शिक्षकाशी बोलावं. केंद्रप्रमुखांच्या अनेक जागा रिकाम्या आहेत; आधी त्या भराव्यात. उपक्रमांचे फोटो मागणारे आदेश मागे घ्यावेत. संगणकीय खेळ शाळेत आणायचे तर ते शिकवण्याच्या तासाव्यतिरिक्त आणि दोन-दोन मुलांना मिळून द्यावेत, म्हणजे ती एकमेकांशी बोलतील. कुठलंही अॅप विकत घेण्याआधी ते मराठी मुलांवर, मराठी आकडे बोलणाऱ्या मुलांवर तपासलं आहे का, हे लेखी मागावं. शाळेचं वीजबिल शाळेच्या माथी मारू नये, कारण बिल थकून जोडणी तुटली की लोकवर्गणीचा टीव्ही भिंतीवर नुसताच टांगलेला राहतो. आणि पडद्यांच्या खरेदीची फाईल मंजूर होण्याआधी त्या तालुक्यात शिक्षकांची किती पदं रिकामी आहेत, हा आकडा त्याच फाईलच्या पहिल्या पानावर असावा.